थाई मालिश घरच्या घरी : पाय चेपण्यापासून औषधी पोटलीपर्यंत

मोबाइलवर फिरणारे थाई मालिशीचे व्हिडिओ बघितले तर वाटतं, हा सगळा हाडं मोडायचा कार्यक्रम आहे. मान फिरवली, कट्कन आवाज आला, समोरचा खूश. प्रत्यक्षात बँकॉक किंवा चिआंग माईला एखाद्या जुन्या वळणाच्या मालिशवालीकडे दोन तास आडवे पडलात, तर त्यातला बराचसा वेळ ती तुमच्या पायांवरच असते. तळपाय, घोटे, पोटऱ्या, मांड्या. भार टाकायचा, सोडायचा, पुन्हा टाकायचा. अंग ताणायचे प्रकार नंतर येतात, आणि आवाज आला काय न आला काय, तिला त्याचं सोयरसुतक नसतं.

हा लेख त्या संथ भागाबद्दल आहे. घरातल्या एका माणसाने दुसऱ्यासाठी करता येईल आणि ज्यात इजा होण्याची शक्यता कमी, एवढंच यात घेतलं आहे. मानेचे झटके, पाठीवर उभं राहणं, जांघेतली रक्तवाहिनी दाबून धरणं हे मुद्दाम वगळलं आहे. ते शिकलेल्या हातांचं काम आहे, आणि माझं मत विचाराल तर त्यातलं काही शिकलेल्या हातांनीही कमी केलं तर बरं.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा उपयोग आहे

थायलंडमध्ये या पद्धतीला 'नुआद थाई' म्हणतात. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिच्या दोन शाखा आहेत. एक राजदरबारी : त्यात मालिश करणारा अंतर राखून, गुडघ्यांवर बसून, फक्त हात आणि अंगठे वापरतो. दुसरी लोकांची : तिच्यात कोपर, ढोपर, पाय सगळं चालतं आणि अंगही ताणलं जातं. आपण बाहेर जी बघतो ती बहुतेक दुसरी. घरी करायला मात्र पहिलीची शिस्त जास्त कामाची आहे.

बँकॉकचं वाट फो हे देऊळ या विद्येचं माहेर. १८३० च्या दशकात राजा तिसरा राम याने देवळाचा जीर्णोद्धार करताना वैद्यक, साहित्य, नीती असं त्या काळचं ज्ञान शिळांवर कोरून घेतलं. त्यात मानवी आकृत्यांवर दाबायचे बिंदू आणि रेषा दाखवणाऱ्या साठ शिळा आहेत. आवारात वेडीवाकडी आसनं करणाऱ्या ऋषींचे पुतळे आहेत. मूळचे ऐंशी, आता त्यातले थोडेच उरलेत. या शिळालेखांना युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २०११ मध्ये स्थान मिळालं. देवळाची पारंपरिक वैद्यकाची शाळा १९५५ पासून चालू आहे.

थाई मालिश करणारे कामाला लागण्याआधी हात जोडून ज्याचं स्मरण करतात तो आपल्याकडचाच. जीवक, मगधाच्या बिंबिसार राजाचा आणि बुद्धाचा वैद्य, तक्षशिलेत शिकलेला. जीवक स्वतः सयामला, म्हणजे आताच्या थायलंडला, कधी गेला नाही. बौद्ध धर्माबरोबर त्याचं नाव तिथे पोचलं आणि वैद्यकाचा आद्य गुरू म्हणून रुजलं.

त्यांच्या वैद्यकात शरीर चार महाभूतांचं मानतात : पृथ्वी, आप, वायू, तेज. आपलं पाचवं आकाश तिथे धरत नाहीत. मालिशीचा संबंध मुख्यतः वायूशी. वारा ज्या वाटांनी अंगभर फिरतो त्या वाटा म्हणजे 'सेन'. त्यातल्या दहा प्रमुख, सगळ्या बेंबीच्या आसपास उगम पावणाऱ्या. पहिल्या तिघींची नावं इत्था, पिंगखला आणि सुमना. इडा, पिंगला, सुषुम्ना ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. शवविच्छेदनात अशा नळ्या सापडत नाहीत. तरीही सेनच्या रेषा दोन स्नायूंमधल्या खाचांतून, हाडाच्या कडेने, म्हणजे दाबल्यावर बरं वाटतं नेमक्या अशाच जागांवरून जातात. नकाशा म्हणून त्या उत्तम आहेत. पाठ, मान, खांदे यांच्या दुखण्यात अशा मालिशीने काही काळ आराम मिळतो, असं अभ्यासांतूनही दिसलं आहे. मधुमेह बरा होतो, गाठी विरघळतात असं कोणी सांगितलं तर तिथून उठावं.

कोणाला करायची नाही

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. ताप असेल, अंगावर संसर्ग, पुरळ किंवा उघडी जखम असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, हाड मोडलेलं असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, कर्करोगावर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असताना, त्यातून डोकं दुखत किंवा गरगरत असताना मालिश नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब नाही. गरोदर बाईला घरी प्रयोग नकोत. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या, आणि दारू प्यायलेल्या माणसाला हातसुद्धा लावू नका.

एका गोष्टीवर थोडं थांबतो. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते. माणूस लांबच्या विमानप्रवासातून आला आहे, किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. अशा वेळी घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "जरा चेपून दे, मोकळं होईल." चेपू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते आणि दाबल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तो पाय थेट डॉक्टरांकडे. फुगलेल्या, हिरव्या-निळ्या शिरांवरही दाब द्यायचा नाही. त्यांच्या बाजूबाजूने हलक्या हाताने जायचं.

जागा आणि तयारी

मालिश जमिनीवर. पलंगावर केली तर तुमचा भार समोरच्याच्या अंगात न जाता गादीत जातो आणि तुमची कंबर धरते. सतरंजीवर दोन जाड गोधड्या घाला, एवढ्या रुंद की तुमची ढोपरंही त्यांच्यावरच टेकतील. दोन उशा, एक चादर आणि नेसूचं जुनं मऊ लुगडं असेल तर तेही, गुंडाळी करून घोट्याखाली घ्यायला.

तेल लागत नाही. कपडे अंगावरच असतात. सैल सुती पायजमा आणि सदरा पुरे. नखं अगदी बारीक कापा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. सुरुवातीला मालिश करून घेणाऱ्याचे पाय कोमट पाण्याने धुवायची थायलंडमध्ये रीत आहे. ती पाळाच. स्वच्छता होतेच, शिवाय दिवसभराच्या धावपळीतून आलेला माणूस तिथेच अर्धा निवतो. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

थाई शिक्षक 'मेत्ता' हवी म्हणतात, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही मनातली भावना. मला ती उपदेशापेक्षा कामाची सूचना वाटते. चिडलेल्या, घाईतल्या माणसाचे हात कडक असतात आणि ते चटकन कळतं. भांडण झालेल्या दिवशी मालिश पुढे ढकला.

आधी भार टाकायला शिका

नवशिक्या माणूस बोटांच्या आणि दंडाच्या ताकदीने दाबतो. पाच मिनिटांत अंगठे दुखतात आणि समोरच्याला टोचल्यासारखं होतं. नुआद थाईत ताकद लावायची नाही, वजन द्यायचं.

जाड उशी जमिनीवर ठेवा. तिच्यापुढे गुडघ्यांवर बसा, दोन्ही तळहात उशीवर, कोपरं सरळ पण ताठरलेली नाहीत, खांदे बरोबर मनगटांच्या वर. आता कमरेतून पुढे झुला. हात हलवायचे नाहीत, धड पुढे जातं आणि भार आपोआप तळहातात उतरतो. मग कमरेतूनच मागे या. तीन आकडे मोजत पुढे, तीन थांबा, तीन मोजत मागे.

घरात वजनकाटा असेल तर हेच त्याच्यावर करून बघा. काटा ५ किलोवर स्थिर ठेवा, मग १०, मग १५. आपण 'हलकं' म्हणतो ते किती आणि 'जोरात' म्हणतो ते किती, याचा अंदाज येतो. घरच्या मालिशीला पायांवर १० ते १५ किलो पुष्कळ. वयस्क माणसाला त्याच्या निम्मं.

दुसरा सराव अंगठ्याचा. अंगठ्याचं टोक नव्हे, वरच्या पेराचा गुबगुबीत भाग टेकवायचा. बाकीची चार बोटं पसरून आधार देतात. अंगठा मागे वाकत असेल, तर भार चुकीच्या कोनातून येतोय. तळहात, मग अंगठा, मग पुन्हा तळहात हा क्रम सगळीकडे पाळायचा : आधी जागा ऊब देऊन तयार करायची, मग बारकाईने दाबायची, शेवटी तळहाताने शांत करायची.

दाबताना समोरचा श्वास सोडत असला पाहिजे. त्याने श्वास रोखला, भुवया आकसल्या, पायाची बोटं आवळली, तर तोंडाने "छान वाटतंय" म्हणत असला तरी दाब जास्त आहे. आपल्याकडे पुरुषमंडळी विशेषतः हे कबूल करत नाहीत.

पाय : इथे घाई नाही

समोरच्याला उताणं झोपवा, डोक्याखाली पातळ उशी. तुम्ही पायांशी, गुडघ्यांवर. काही शाळांत बाईच्या डाव्या पायापासून आणि पुरुषाच्या उजव्यापासून सुरुवात करतात. तुम्ही कुठूनही करा, फक्त एक पाय संपवूनच दुसऱ्याकडे जा.

दोन्ही तळहात दोन्ही पावलांच्या आतल्या कमानींवर ठेवा आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या हातावर भार देत झुलत राहा. पावलं बाहेरच्या बाजूला हळूहळू कलतात. टाचेपासून चवड्यापर्यंत आणि परत, असं दोन-तीन मिनिटं. यातच दोघांची लय जुळते.

मग एक पाऊल हातात घ्या. टाचेच्या मधोमध अंगठा ठेवा. तिथून प्रत्येक बोटाकडे एक अशा पाच रेषा मनाशी आखा. प्रत्येक रेषेवर अंगठ्याच्या रुंदीएवढं पुढे सरकत दाबत जा. करंगळीकडची रेषा बहुतेकांना दुखते, तिथे हलका हात. पावलाच्या वरच्या बाजूला बोटांच्या हाडांमधल्या खाचा असतात, त्यांत फक्त बोट फिरवायचं, दाबायचं नाही. प्रत्येक बोट मुळाशी धरून गोल फिरवा आणि अलगद ओढत सोडा. कडकडा मोडायचं नाही. शेवटी एका हाताने टाच, दुसऱ्याने चवडा धरून घोटा दोन्ही दिशांना फिरवा आणि चवडा गुडघ्याकडे ढकलून पोटरीला ताण द्या. दहा श्वास तसंच धरा. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला याच्याइतकं सुख दुसरं नाही.

आता पाय वर. नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला लागून एक मांसल पट्टी आहे. घोट्याच्या वरून गुडघ्याच्या खालपर्यंत त्या पट्टीवर तळहाताने, मग अंगठ्याने, मग पुन्हा तळहाताने. आतल्या बाजूला नडगीच्या हाडाखालची कड घ्या. ही जागा हळवी असते, भार निम्मा करा. गुडघ्याच्या वाटीवर दाब नाही, तिच्याभोवती बोटांनी गोल फिरवा. गुडघ्यामागच्या खळग्यात आणि जांघेत अजिबात हात घालायचा नाही, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वरच असतात. मांडीवर फक्त तळहात, बाहेरच्या आणि वरच्या बाजूने, गुडघ्यापासून कमरेकडे आणि परत.

जाणकार जांघेतली रक्तवाहिनी काही सेकंद दाबून सोडतात. सोडल्यावर पायात ऊब पसरते आणि गिऱ्हाईक चकित होतं. यालाच 'वाऱ्याचं दार उघडणं' म्हणतात. घरी हे करू नका. ज्याच्या रक्तवाहिन्या आतून बुरसटलेल्या आहेत त्याला ते घातक ठरू शकतं, आणि कोणाच्या तशा आहेत हे बाहेरून दिसत नाही.

दोन्ही पायांना मिळून निदान अर्धा तास द्या. वेळ कमी असेल तर फक्त पाय करा आणि थांबा. अख्ख्या अंगावरून घाईघाईने हात फिरवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

पाठ आणि खांदे

आता पालथं झोपवा. छातीखाली एक उशी, घोट्यांखाली लुगड्याची गुंडाळी, मान ज्या बाजूला सोयीची वाटेल त्या बाजूला. कंबर दुखत असेल तर पोटाखाली पातळ उशी. पालथं पडवत नसेल तर कुशीवर, वरचा गुडघा उशीवर टेकवून. वयस्कांना ही स्थिती सगळ्यांत सोयीची.

कण्याच्या मणक्यांवर कधीही दाबायचं नाही. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना अंगठाभर अंतरावर एक खाच लागते, ती पहिली रेषा. तिच्या बाहेर, साधारण दोन बोटं पुढे, स्नायूचा उंचवटा संपतो तिथे दुसरी. दोन्ही तळहात कण्याच्या दोन बाजूंना ठेवून माकडहाडाच्या वरून खांद्यांपर्यंत तळहातांनी जा आणि परत या. मग अंगठ्यांनी पहिली रेषा, मग दुसरी. शेवटच्या बरगडीखाली, मूत्रपिंडांच्या जागी, नुसती तळहाताची ऊब पुरे. फऱ्यांच्या मधल्या जागेत संगणकावर काम करणाऱ्यांना गाठीसारखं काहीतरी हाताला लागतं. ते फोडायच्या मागे लागू नका. दहा सेकंद धरा, सोडा, पुढे जा, परत या.

पाठीवर चालण्याबद्दल. १६८७ साली सयामला गेलेल्या ला लूबेर या फ्रेंच राजदूताने लिहून ठेवलं आहे की तिथे माणूस आजारी पडला की जाणकार त्याच्या अंगावर चढून पायांनी तुडवतो. आपल्याकडेही आजोबा नातवाला पाठीवर पाय द्यायला सांगतातच. चार-पाच वर्षांचं पोर मांड्यांवरून चाललं तर बिघडत नाही. पण हाडं ठिसूळ झालेल्या वयात कण्यावर आणि बरगड्यांवर वजन नको, मग ते नातवाचं का असेना.

शेवटी माणसाला मांडी घालून बसवा, तुम्ही मागे गुडघ्यांवर. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या जाड स्नायूवर तळहाताने, मग अंगठ्याने भार द्या. हाताची कोपरापुढची मऊ बाजू त्या स्नायूवर ठेवून लाटल्यासारखी फिरवली तरी छान वाटतं. मान : फक्त मागच्या बाजूचे दोन उभे स्नायू, चिमटीत धरून हलके. पुढच्या आणि बाजूच्या भागाला हात लावायचा नाही. मान वळवणं, ओढणं, झटका देणं यातलं काहीही नाही, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात आणि झटक्याने त्या आतून फाटू शकतात.

औषधी पोटली, म्हणजे लूक प्रकोब

थाई मालिशीतली ही गोष्ट आपल्या घरात सगळ्यांत सहज रुजेल असं मला वाटतं. शेक आपल्याला नवा नाही, आणि लागणारं बहुतेक सामान भाजीबाजारात आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं.

मूळ कृतीत मुख्य असतो 'प्लाय', आल्याच्या कुळातला पिवळा, उग्र वासाचा कंद. प्लायच्या तेलाचं मलम थायलंडच्या राष्ट्रीय औषधयादीत आहे. त्याच्याबरोबर हळद, गवती चहा, खडबडीत सालीच्या मकरूट लिंबाची साल, चिंचेचा पाला, 'सोम पोय'चा पाला, मीठ आणि कापूर. सोम पोय म्हणजे आपली शिकेकाई. प्लाय इथे सहसा मिळत नाही. आंबेहळद आणि आलं निम्मं-निम्मं घेतलं तर वास आणि ऊब जवळपास जमते. गुण तंतोतंत तेच येतील असं मात्र समजू नका.

दोन पोटल्यांसाठी : आंबेहळद १०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम, ओली हळद ५० ग्रॅम, गवती चहाच्या सात-आठ काड्या बुंध्याच्या पांढऱ्या भागासकट, दोन ईडलिंबांची किंवा चार कागदी लिंबांची साल, मूठभर चिंचेचा कोवळा पाला, मिळाला तर शिकेकाईचा पाला (नाहीतर दोन-तीन शेंगा कुटून), एक मोठा चमचा खडेमीठ, एक लहान चमचा भीमसेनी कापूर.

कंद धुऊन, न सोलता काप करा आणि खलबत्त्यात किंवा पाट्यावर ठेचा. मिक्सरमध्ये वाटू नका. लगदा झाला तर रस गळतो आणि पोटली पुळपुळीत होते. गवती चहा बोटाच्या पेराएवढा कापून ठेचा, साल चिरा, पाला हाताने चुरडा. सगळं एकत्र करून मीठ चोळा. कापूर अगदी शेवटी, बांधायच्या आधी.

कापड मांजरपाटाचं, न रंगवलेलं, एकदा धुऊन खळ काढलेलं, साधारण ४० सेंटिमीटर चौरस. मधोमध निम्मं मिश्रण ठेवा, चारही टोकं उचलून घट्ट पीळ द्या, म्हणजे खाली संत्र्याएवढा टणक गोळा होईल. टोकांची गुंडाळी करून मूठ तयार करा आणि ती सुती दोऱ्याने मुळापासून वरपर्यंत गुंडाळत बांधा. ही मूठ नीट बांधली गेली तर हात भाजत नाही.

वाफवायला मोदकपात्र उत्तम. पाणी उकळल्यावर पोटल्या जाळीवर ठेवा, मुठी वर, झाकण लावून १५ ते २० मिनिटं. एक वापरताना दुसरी वाफेवर ठेवायची.

पोटली बाहेर काढली की आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवा. तिथे तीन सेकंद ठेवता आली नाही, तर ती अजून फार गरम आहे. पहिल्या मिनिटात पोटली अंगावर ठेवायची नाही, नुसती टेकवून उचलायची, टेकवून उचलायची. निवत जाईल तसा मुक्काम वाढवा आणि दाब द्या. पाठीच्या दोन्ही रेषा, खांदे, कंबर, गुडघ्याच्या बाजू, तळपाय. गार झाली की बदला. एकूण १५-२० मिनिटं. मालिशीनंतर शेक ही नेहमीची रीत आहे, पण अंग फार आखडलं असेल तर आधी शेकून मग मालिश केलेली बरी पडते.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना पोटली नको. भाजलेलं त्यांना कळत नाही. ताज्या मुरगळीवर, सूज असेपर्यंत, पहिले दोन दिवस शेक नाही. लहान मुलांच्या आसपास कापूर नको, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि हळदीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा पांढरी चादर वाचवा. थायलंडमध्ये शेकानंतर लगेच अंघोळ करू देत नाहीत, औषध अंगात मुरू द्यायचं असतं. वापरलेली पोटली लटकवून निथळू द्या, मग डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा; तीन-चार दिवसांत आणखी दोनदा चालते. आंबूस वास आला किंवा रंग गेला की आतला ऐवज कुंडीत न घालता कचऱ्यात, कारण त्यात मीठ आहे. कापड धुऊन ठेवा.

बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची आपली रीत आहे तशी थायलंडमध्येही 'यू फाय' आहे, आगीजवळ बसवायची. मीठ भरून तापवलेलं मडकं पानांत आणि कापडात गुंडाळून पोट-कंबर शेकण्याचीही पद्धत आहे. तिथे आता हे प्रशिक्षित बायका करतात, आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झालेलं असेल तर टाके भरेपर्यंत थांबतात. आपल्या घरीही डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय पोटावर शेक नको.

एकट्याने करायचं : ऋषींची आसनं

वाट फोच्या पुतळ्यांवरून आलेल्या व्यायामांना 'रूसी दात तोन' म्हणतात, ऋषीने स्वतःचं अंग स्वतःच ताणणं. थायलंडच्या आरोग्य खात्याने त्यातले सोपे पंधरा निवडून प्रसार केला. पहिला तर नुसता चेहरा चोळण्याचा. आणखी एक सांगतो : मांडी घालून ताठ बसा, छातीपुढे नमस्कारासारखे तळवे जोडून एकमेकांवर दाबा, श्वास घेत मनगटं डावीकडे न्या, क्षणभर थांबा, सोडत मधे या, मग उजवीकडे. पाच-पाच वेळा. टंकलेखन करणाऱ्या हातांना हा फार मानवतो. योगासनं करणाऱ्यांना हे व्यायाम फारच सोपे वाटतील. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी ते आहेतच.

मालिश संपल्यावर

माणसाला लगेच उठवू नका. पाच मिनिटं चादर पांघरून पडू द्या, मग कुशीवर वळून उठू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की चक्कर येते. थायलंडमध्ये मालिशीनंतर बऱ्याचदा आल्याचा, गवती चहाचा किंवा वाळवलेल्या बेलफळाच्या चकत्यांचा काढा देतात. बेलाच्या चार चकत्या लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळल्या की झालं; गूळ घाला किंवा नका घालू.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर चालेल. काळं-निळं झालं, बधिरपणा आला, हात-पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर मालिश थांबवून डॉक्टरांकडे जा. आठवड्यातून एकदा करणं भरपूर झालं.

पैसे देऊन करून घ्यायची असेल तर

थायलंडमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मालिशीच्या जागेला परवाना आणि मालिश करणाऱ्यांना नोंदणी लागते. किमान दीडशे तासांचं मान्य प्रशिक्षण असतं. दर्शनी भागात परवाना लावलेला असतो, तो बघावा. चार शब्द पाठ करून जा. 'बाउ-बाउ' म्हणजे हळू, 'जेप' म्हणजे दुखतंय, 'नाक' म्हणजे जोरात, 'फो लेउ' म्हणजे पुरे. तिसरा शब्द पहिल्या भेटीत वापरू नका. उत्तरेत, चिआंग माईकडे, चिंचेच्या लाकडाची खुंटी आणि हातोडी घेऊन सेनवर टकटक करणारा 'तोक सेन' आणि तेलात बुडवलेली टाच तापलेल्या नांगराच्या फाळावर टेकवून मग रुग्णाच्या अंगावर दाबणारा 'याम खांग' बघायला मिळतो. दुसरा तर बघावाच असा आहे. करून घ्यायचा की नाही ते तुमच्या धिटाईवर.

मुंबई, पुणे, गोव्यात थाई मालिशीच्या पाट्या भरपूर आहेत, पण पाटीवरून काही कळत नाही. आत गेल्यावर प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचं घेतलं हे विचारा, जमिनीवरच्या गादीवर आणि कपड्यांवरून करतात का ते विचारा. तेल लावून टेबलावर करत असतील तर तीही मालिशच आहे, पण नुआद थाई नव्हे. तुमचे आजार, गोळ्या, शस्त्रक्रिया याबद्दल त्यांनी आपणहून चौकशी केली नाही, तर दुसरी जागा शोधा. मानेला झटका नको, हे आडवं पडण्याआधी सांगा, पडल्यावर नाही. आणि वेळ निवडायला सांगितली तर साठ मिनिटांत सगळं अंग घेण्यापेक्षा साठ मिनिटं फक्त पाय आणि पाठ मागा.